शून्याच्या खाली

सहा वर्षं ठेव मोडली नाही.
मग एकदम बुडापेस्टपासून काळ्या समुद्राच्या तोंडापर्यंत,
अकरा रात्री, एक नदी.
कर्वे रस्त्यावरची सहल कंपनीची मुलगी म्हणाली,
काकू, एकटीचा आकार जास्त पडतो.
तो मला सगळीकडेच पडलाय, मी म्हटलं,
फाड पावती.

केबिनमध्ये दोन खाटा.
एकीवर मी, एकीवर माझी बॅग,
बॅगेत कुमुद घाटपांडेने कोंबलेला दोन किलो चिवडा,
जसा काही डॅन्यूबच्या दोन्ही काठांना
दुष्काळ पडलाय.

तसा तो पडलाच होता.

आठव्या दिवशी, श्विश्तोव्हच्या अलीकडे,
करपलेलं दूध उलथन्याने खरवडावं
तसा आवाज आला बोटीच्या पोटाखालून.
इंजिन थांबलं. चार भाषांत दिलगिरी झाली.
पात्रात पाणी नाही.
पुढचा प्रवास बसने.
जेवणाच्या वेळांत बदल नाही.

सिंहगड रस्त्याचे टिळेकर ओरडले,
अहो, साडेतीन लाख मोजून बसच,
मग स्वारगेटवरून शिवशाही काय वाईट होती!
मी हसले,
आणि ते हसू काही केल्या थांबेना.

कारण मंगळवार पेठेत, सिंचन भवनात,
एकतीस पावसाळे मी फोनपाशी काढले.
खडकवासल्याहून आकडा यायचा.
रात्री दोन : एकोणीस हजार क्युसेक.
मी लिहायची, पुढे कळवायची,
आणि कुठेतरी भिडे पूल पाण्याखाली जायचा.
ते पाणी मी कधी पाहिलं नाही.
माझी मुठा म्हणजे निळ्या शाईचा एक रकाना,
मे महिन्यात त्यात एकच शब्द,
निरंक.

कप्तान स्टोइमेन कठड्याशी एकटाच उभा होता,
शिव्या खाऊन झालेल्या माणसासारखा.
मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं,
पट्टीवर किती?
परमुलखात कुणी आपल्या गावचं नाव घ्यावं
तसा तो वळला.
उणे एक्केचाळीस, म्हणाला.
उणे?
त्याने काठावरचा खांब दाखवला.
रंगवलेले आकडे संपत होते कोरड्यात,
त्याखाली नुसता दगड, शेवाळ,
आणि त्याच्याही खाली, निवांत, नदी.
शून्य आमच्या लोकांनी ठरवलं, म्हणाला,
तिला कुठे विचारलं होतं?

भर पात्रात वाळूचं बेट उघडं पडलेलं.
दोन पोरं तिथे चेंडू खेळत होती,
एक रुमानियाच्या बाजूला, एक बल्गेरियाच्या.
चेंडू पाण्यात गेला की
ज्याच्या देशात पडला, त्याने आणायचा.
चिवडा तिथे संपला. स्टोइमेनला शेंगदाणे आवडले,
कढीपत्ता त्याने निवडून रुमालात ठेवला,
का, ते मी विचारलं नाही.

पुण्यात सगळे फोटो मागतात.
किल्ले दाखवते, चर्चचे घुमट दाखवते.
मग तो खांब येतो.
हे काय गं, कुमुद म्हणते, आणि बोटाने पुढे सरकवते.

दर सोमवारी त्याचा आकडा येतो, फक्त आकडा.
उणे अठरा. अधिक सत्तर.
एकदा अधिक तीनशे दहा,
त्या दिवशी मी उगाचच साखरभात केला.

उलट टपाली मी काय देऊ?
माझा फोन आता दुसरं कुणी उचलतं.
म्हणून संध्याकाळी म्हात्रे पुलाखाली उतरते,
सांडपाण्याच्या वासाला पदर लावून.
जलपर्णी. एक चप्पल. वाहून आलेली गादी,
तिच्या कडेला बगळा, एका पायावर.
चष्मा पुसून नीट बघते,
इतकं नीट एकतीस वर्षांत बघितलं नव्हतं,
आणि लिहिते :
मुठा, सोमवार, साडेसहा.
पाणी बगळ्याच्या घोट्यापर्यंत.

पाच मिनिटांत उत्तर.
कोणता पाय?