ओळख होईपर्यंत

बूट चावतात, केर्तू म्हणते,
एक पाय उचलून, दाराच्या चौकटीला टेकून.
चावणारच, मी म्हणते.
तुझ्या पायाचा वास त्यांना अजून कुठे माहीत आहे?

तीन हिवाळे तू मावसभावाचे स्केट्स घातलेस,
त्याआधी ते त्याच्या बहिणीचे होते.
आतून इतके मवाळ झालेले
की कुणाचाही पाय आपलाच समजायचे.
हे तसे नाहीत.
खोक्यातून निघाले तेव्हा आत कागदाचे बोळे होते,
पाय कुणाचाच नाही.
कयानीच्या दुकानदाराने भट्टीत तापवून दिले,
तू गरम बुटात पाय घालून दहा मिनिटं गप्प बसलीस,
पाव फुगायची वाट बघावी तशी.
तरीही आतल्या बाजूचं ते घोट्याचं हाड,
आणि करंगळी.

मी दिवसभर पायच बघते.
बर्फातून गाडी काढते, घरोघर जाते,
पिशवीत कानस, कात्री, घडीचा टब.
नव्वदीचे पाय मांडीवर घेऊन
नखं भिजवते, कुरुपं काढते.
काल हेल्लेवीबाईंचं दुसरं बोट पाहिलं,
तिसऱ्यावर चढून बसलेलं.
कधीपासून?
म्हणाल्या, चौपन्नच्या हिवाळ्यापासून.
भावाचे स्केट्स होते, दोन मापं लहान.
मग घातले कशाला?
अगं, तळं गोठलं होतं ना.

आपल्याला एवढी घाई नाही.
पात्यांवर रबरी म्यान चढव
आणि चाल स्वयंपाकघरात, चटईवरून, पंधरा मिनिटं.
गुरुवार आहे, वाटाण्याचं सूप ढवळ उभ्याउभ्या.
जाड मोजा नको. सगळे तिथेच फसतात,
मऊ वाटावं म्हणून जागाच संपवतात.
पातळ घाल, शिवण बाहेरच्या बाजूला.
आता टाच मागे ठोक. अजून एकदा.
नाडी बोटांपाशी सैल,
त्यांना आत थोडं हलता आलं पाहिजे,
पाय वाकतो तिथे घट्ट,
वर परत जराशी ढिली,
नाहीतर गुडघा वाकणार कसा?
फेल्टचा हा तुकडा बघ, मधे भोक पाडलंय,
हाड त्या भोकात बसेल,
भार सगळा कडेकडेने जाईल.
म्हाताऱ्यांसाठी असतो. आज तुला.

टक टक टक टक.
यार्क्को वर्तमानपत्रातून डोकं काढतो,
आमच्या वेळी असले लाड नव्हते, म्हणतो.
मी त्याच्या डाव्या टाचेवरच्या टेंगळाकडे बघते,
लग्नाआधीपासून ओळखते मी त्याला.
तो पाय खुर्चीखाली घेतो.

रविवारी शेजाऱ्याने ट्रॅक्टरने
तळ्यावरचा बर्फ बाजूला सारून रिंगण केलं.
तू अकरा मिनिटं टिकलीस. मी घड्याळ लावलं होतं, तुला सांगितलं नाही.
मग बाकावर येऊन बसलीस, काही बोलली नाहीस,
नुसता पाय पुढे केलास.
मी हातमोजे दातांनी ओढून काढले,
मोजा उतरवला. वाफ निघाली.
घोट्यावर नाण्याएवढा लाल डाग.
अंगठा दाबला, पांढरा झाला,
सोडला, पुन्हा लाल.
फोड नाही. कातडी शाबूत.
असल्या गोष्टी मला शिकवल्यात, त्याचे पैसे मिळतात मला,
तरी माझा हात थरथरत होता.
थंडीने, म्हणाले मी.
अजून एकदा जाऊ? तू विचारलंस.
अंधार पडायला वीस मिनिटं होती.
नाडी तू स्वतःच ओढलीस,
बोटांपाशी घट्ट, जिथे नको म्हटलं होतं तिथेच.
मी एकदा सांगितलं.
दुसऱ्यांदा सांगेपर्यंत तू निघून गेली होतीस.

रात्री ते दाराशी, जिभा बाहेर काढून वाळताहेत.
शेगडीजवळ नको, चिकटवलेलं सुटतं.
दात घासायला जाताना तू वाकतेस,
एकाच्या टाचेवरून हात फिरवतेस.
उजवा अजून चावतो, सांगतेस मला,
डावा नाही.