वाऱ्याचं माप

शन्नाच्या धक्क्यावरून दीड तास फेरी.
डिकीत, आईच्या फाटक्या लुगड्यात गुंडाळलेली
पितळेची वजनं : वीस, दहा, पाच, दोन, एक,
आणि पन्नास ग्रॅमचं ते बुटकं
जे प्रत्येक गावात कुठेतरी घरंगळतं.

हिल्फमध्ये दुपारी माणसं नसतात.
शेळ्या असतात.
बँकेच्या पायरीवर एक, एटीएमच्या सावलीत तीन,
त्यातली एक पुठ्ठा खातेय, सावकाश,
कामावर असल्यासारखी.
पेट्रोल भरता भरता रफीकुल म्हणतो,
"खरीफ चल रहा है, दीदी."
खरीफ.
आमच्याकडे त्याचं पीक होतं, भात, नाचणी.
इथे नुसता वारा,
चार महिने, थेंबाशिवाय.
शब्द तोच.
मधल्या समुद्रात कुठेतरी
फ चा प झाला असणार.

मासळीबाजारात हमूद बिन सईद जनीबी
खुर्ची रिकामी ठेवून बर्फाच्या पेटीवर बसलेले.
"मीझानवाली आली!" एवढंच ओरडले,
कुणाला ते कळलं नाही, कारण बाजारात
आम्ही दोघं आणि एक मांजर.

काटा तपासला.
किलोमागे चाळीस ग्रॅम कमी दाखवतो.
वजनं पुसून पुन्हा तपासला.
कमीच.
म्हणजे हजार ग्रॅमचे पैसे घ्यायचे
आणि एक हजार चाळीसहून जास्त द्यायचे, रोज, सगळ्यांना.
मापात पाप मी पुष्कळ पाहिलंय,
रुवीत, मत्रात, सोन्याच्या दुकानातसुद्धा.
हे असलं काही
माझ्या फॉर्मात बसत नाही. रकानाच नाही.

"वाऱ्याचं आहे ते," हमूद म्हणाले.
"तो परातीवर बसतो. गिऱ्हाइकानं
त्याचे पैसे का भरायचे?
वडिलांनी काटा मागे घेतला, तो तसाच आहे."
"आणि उरलेले आठ महिने?"
त्यांनी विचार केला.
खरंच केला, डोळे मिटून.
"उरलेले आठ महिने तो येणार असतो."

मी स्क्रू फिरवला. शून्यावर आणला.
शिशाचं सील, त्यावर तारीख.
काम ते काम.
चिमटा पिशवीत घालतेय तोवर
पहिलं गिऱ्हाईक आलं, तोलून झालं,
आणि हमूदनी वर एक बांगडा टाकला,
माझ्याकडे अजिबात न बघता.

चारची फेरी सुटली नाही.
रेस्टहाउसच्या खिडकीला शिट्टी येत होती,
कानात बोटं घातली तरी येत होती.
हमूदची सून घाबिशा भात घेऊन आली, त्यावर सुरमई.
एक काटा दाढेत अडकला.
दिवसभरातला दुसरा,
आणि हा मला काही दुरुस्त करता येईना.
ती हसली. मग म्हणाली, चल, दाखवते.
दिवा नाही घ्यायचा.

वाळूत अंधारापेक्षा काळं काहीतरी
खणत होतं.
कासवीण.
सवयीनं अंदाज घेतला : ऐंशी? शंभर?
मग ती थांबली, एक मोठा श्वास सोडला,
अगदी बाईमाणसासारखा,
आणि मी आकडा गिळला.
अंडी मोजत होते. बासष्टनंतर चुकले.
घाबिशा कानात म्हणाली,
"हिला अख्खा समुद्र सोडून हेच गाव सापडतं.
माझा नवरा सोहारला आहे.
त्याची मात्र दर सुट्टीला फेरी चुकते."
वारा इतका, की
"चुकते"च्या पुढे ती अजून काही बोलली असेल तर
ते मला मिळालं नाही.

सकाळी तिच्या परतीच्या खुणा पुसलेल्या होत्या,
ट्रॅक्टर जावा तशा रुंद, तरी पुसलेल्या.

फेरीवर लुगडं उघडलं.
वीस, दहा, पाच, दोन, एक.
पन्नास ग्रॅमचं नाही.
बर्फाच्या पेटीखाली असेल. मांजराकडे असेल.
हमूदना फोन लावला नाही.

रिपोर्ट लिहिला : हिल्फ, काटा एक, अचूक.
गहाळ, पन्नास ग्रॅम.
कारणासमोर थोडी जागा होती.
वारा, असं लिहिलं.
आणि बेटाकडे पाठ करून बसले होते, ती उठून
दुसऱ्या बाजूच्या बाकावर गेले.