मुठीतली जागा

पंखा बंद करा आधी, एवरार्ड.
खिडकीही. आरशावर हा टॉवेल टाका.
आणि ती अंगठी काढा, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली,
तिच्या कडेला पीस अडकतं.

पारामारिबोत कोण ओळखत नाही तुमच्या त्वात्वाला?
रविवारी सकाळी मैदानातल्या ओल्या गवतात
दोन काठ्यांवर दोन पिंजरे टांगतात,
फळ्यावर खडूनं मांडतात एकेक शीळ,
तेव्हा तुमच्या काळ्याच्या नावापुढे रेघांना जागा उरत नाही.
गेले तीन रविवार तो दांडीवर टिकत नाही, म्हणता.
टिकेल कसा? नखं बघा,
माशाचे गळ झालेत.

दिवा मालवते.
अंधारात त्यांना आपण दिसत नाही,
आणि न दिसणारा माणूस
त्यांना निम्मा कमी भयंकर वाटतो.
वरून नको, वरून येतो तो ससाणा.
बाजूनं. सावकाश, पण थबकत थबकत नको;
एकदा ठरवलं की हात पोचलाच पाहिजे.
पिंजराभर पाठलाग म्हणजे
धरण्याआधीच मारणं.

हं. पाठ तळहातात.
मान या दोन बोटांच्या बेचक्यात, आवळून नव्हे,
सदऱ्याच्या कॉलरला ठेवतो तेवढी जागा ठेवून.
चावेल. चावू दे. टणक बी फोडायची सवय आहे त्या चोचीला,
तुमच्या बोटाचं काय मोठंसं.

आणि छाती मोकळी.
हे नीट ऐका.
आपल्यासारखा पडदा नसतो त्यांच्या पोटात,
बरगड्या पुढे सरकल्या तरच वारा आत येतो.
भाता आहे तो. भात्यावर बोट दाबलं
तर नाकपुड्या उघड्या असूनही
पाखरू गुदमरतं,
आवाजसुद्धा न करता.

तुम्ही मान खाली घातलीत.
एकतीस वर्षं नदीकाठच्या तुरुंगात पहारा केलात,
मला ठाऊक आहे.
मी कुणाची बहीण, ते तुम्हाला ठाऊक नाही,
हेही मला ठाऊक आहे.
वागियो अजून डाव्या कुशीवर झोपत नाही.
गुडघा कुणाचा होता त्यानं सांगितलं नाही,
मी तुम्हाला विचारणार नाही.
माझ्या हातात कात्री आहे,
आणि पाखराचा काही दोष नाही.

अहो, सुटला!
हलू नका. कपाटावर आहे.
दम खाऊ दे त्याला. तुम्हीही खा.
इतकं सैल धरलंत की धरलंच नाहीत.
स्वतःच्याच हातांचं भय वाटतं ना?
वाटू दे. पण सैल हातही दगा देतो, एवरार्ड.
भिंतीवर आपटलेली पाखरं
रुमालात गुंडाळून आणतात लोक या टेबलावर
आणि म्हणतात,
मी तर दाबलंही नव्हतं.

पुन्हा.
या वेळी माझा हात तुमच्या हातावर.
इथं दाब. इथं नाही.
कळतंय का, बोटाखाली काय चाललंय?
मोजू नका, मोजण्यापलीकडचं आहे ते.
नख काळं, आतली शीर दिसत नाही,
म्हणून तिळाएवढंच कापते.
पुन्हा तिळाएवढं.
रक्त आलंच तर वाटीत मक्याचं पीठ आहे.
एक पाय झाला.

तुम्ही का श्वास रोखलाय?
सोडा.
तुमची छाती कुणी धरलेली नाही.

दुसरा पाय.
झालं.
आता वर उडवू नका त्याला, लोक उगाच उडवतात.
पिंजऱ्याच्या तळाशी हात न्या, बोटं पसरा,
जाईल आपला आपण.

गेला.
पाणी प्यायला लागला, बघा.
तुमचा हात मात्र तसाच वाकलेला,
त्याच्या मापाचा.

पैसे बाहेर द्या, काउंटरवर.
सहा आठवड्यांनी पुन्हा आणा.
तेव्हा तुम्ही एकटे धरा,
मी हात लावणार नाही.