हातचा

वीस ते ऐंशी. आमच्या धंद्यात माणूस एवढ्यातच मावतो.
शून्य कुणालाच देत नाहीत,
आणि ऐंशी मी बत्तीस वर्षांत दोनदाच दिले.

आयोवा, जुलै, नदीकाठचं जुनं मैदान.
वाऱ्यावर मक्याच्या कारखान्याचा गोडसर, करपट वास.
जाळीमागे चौथी रांग,
मांडीवर वही, हातात वेग मोजायची गन,
गालात सूर्यफुलाच्या बिया.
समोर डेल्विन हॉजसन. डावरा. एकोणीस वर्षं चार महिने.
गाव ब्लूफील्ड्स, निकाराग्वा.
मनगटं बाह्यांच्या पुढे वाढलेली,
धाकट्या भावाचा शर्ट घातल्यासारखी.

पहिला चेंडू त्र्याण्णव मैल. दुसरा चौऱ्याण्णव.
कॅचरच्या हातमोज्यात असा आवाज
की पॉपकॉर्नवालाही मान वळवतो.
फास्टबॉल, साठ.
कर्व्ह छातीशी येतो, आणि काहीतरी आठवल्यासारखा
गुडघ्याशी बसतो. पंचावन्न.
चेंजअप कच्चा, टाकण्याआधीच तोंडावर दिसतो.
चाळीस.

तिसऱ्या डावात एक कर्व्ह लटकला.
पाहुण्यांच्या आडदांड पोराने तो
थेट पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी पिकअपवर.
डेल्विन आपल्याच बोटांकडे बघत राहिला,
उधारी विचारावी तसा.
पुढच्याला पहिलाच चेंडू: तोच कर्व्ह.
याला रकाना नाही.
समासात एक टिंब दिलं.

शेजारी आर्डिथ व्हॉसबर्ग येऊन बसली.
पोरगा तिच्याकडे राहतो,
संघाची पोरं गावात अशीच घराघरांत वाटलेली.
मी कोण, तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
गुणी आहे हो, म्हणाली,
आपली बशी आपण धुतो, पंधरवड्याला घरी पैसे धाडतो,
रविवारी गवत कापतो, नको म्हटलं तरी,
यंत्र एका हाताने ढकलत. उजव्या.
फक्त बर्फ तेवढा पुरत नाही बघा.
सकाळी उठावं तर सगळे ट्रे रिकामे.
उन्हाळाच केवढा आहे!

दातांखालची बी तशीच राहिली.

पाचवा डाव. एक्क्याण्णव. नव्वद. एकोणनव्वद.
कोपर दोन बोटं खाली उतरलं होतं
आणि मी ते उकाड्याच्या नावावर मांडलं होतं.

टल्साचा वेंडल क्रीगर.
त्याला मी सत्तर दिले होते, कोपर बघूनही.
हल्ली फरशा बसवतो.
नाताळला न चुकता कार्ड येतं,
पत्ता आता डाव्या हाताने लिहिलेला.
राग नसतो त्यात. तेच वाईट.

मोटेलमध्ये बेरीज करत बसले.
क्लबला शुक्रवारच्या आत डावरा हवाय,
आकडे सगळे जुळतायत.
शाळेत बाई ओरडायच्या, हातचा विसरलीस!
तो हा. बर्फाचे ट्रे.
लिहिलं, तर शुक्रवारी त्याचं नाव कुणी घेणार नाही,
आणि आर्डिथला कधी कळणारही नाही
तिने काय सांगितलं ते.
नाही लिहिलं, तर कोपर स्वतःच बोलेल,
भर मैदानात, माझ्याहून मोठ्यांदा.

प्रकृती: कोरं.

बाहेर पॅसेजमधलं बर्फाचं यंत्र
थांबून थांबून पोटातून खडखडतं.
कुणीतरी अनवाणी येतं, बादली भरतं, जातं.
कुणी का असेना. कुणाची तरी बिअर असेल.
पेनाचं टोपण दातात धरून
मी खडखडाट मोजतेय.
आत्तापर्यंत सात.