बाण

उजवीकडचा पत्र्याचा पंख आधी काढला.
तीन बोल्ट. दोन निमूट सुटले,
तिसरा अकरा वर्षांचा भुसा खाऊन सुस्तावलेला,
त्याला रात्रभर डिझेल पाजावं लागलं.

सातपूरचा हा गाळा, दहा बाय चौदा.
आणखी एक मशीन आत आणायचं
तर मला बाहेर उभं राहावं लागलं असतं.
म्हणून करवतीच्याच अंगाला जागा काढली:
पंखाच्या जागी जाड प्लायचा पाट,
वर सनमायका, मधे चौकोनी भगदाड,
भगदाडात प्लेट आणि प्लेटखाली राउटर
डोकं खाली, पाय वर,
वटवाघूळ दिवसा झोपतं तसा.

प्लेट शेजारच्या रऊफमामूंनी करून दिली.
बसवायलाही तेच आले, चष्मा कपाळावर,
आणि दहाची नोट सरकवत राहिले
बिडावरून पाटावर, पाटावरून प्लेटवर.
"अडते."
मी स्क्रू पाव फेरा.
"अजून अडते."
डिसेंबरातलं बीड, सकाळी हात लावला तर चावतं.
बाराच्या भोंग्याला नोट एकदाची सरळ गेली.
मामूंनी ती घडी करून खिशात घातली,
"झाली मजुरी."
नोट माझीच होती.

फेन्स एकच, दोघांत.
प्लगही एकच.
एक बोलतोय तोवर दुसऱ्यानं गप्प बसायचं;
आमच्या घरात हे कुणाला जमलेलं नाही,
यांना पहिल्या दिवशी जमलं.

हे सगळं खैरनारबाईंमुळे.
मी आजवर देव्हाऱ्याच्या कडा झाकत आलो
भद्रकालीतून फुटावर आणलेल्या पट्ट्यांनी.
कुणाच्या तरी हातची गोलाई,
माझ्या सरसाने चिकटलेली.
बाईंनी नख घालून पट्टी उचलून पाहिली,
म्हणाल्या, "हे वरून लावलेलं नको.
लाकडातूनच काढा."

तर पहिला तुकडा, पेठच्या सागाचा.
बावीस वर्षं राउटर हातात धरून चालवला,
डावीकडून उजवीकडे,
हाताला दुसरी वाट ठाऊकच नाही.
आता तो उलटा टांगलाय, म्हणजे वाटही उलटी,
हे मला कळत होतं. हाताला नव्हतं.
तुकडा बोटांतून निसटला
आणि पत्र्यावर असा आदळला
की रऊफमामूंचा लेथ थांबला.
मी बोटं मोजली.
दहा.
पुन्हा मोजली.

कावेरी, माझ्या बहिणीची, आयटीआयला दुसऱ्या वर्षाला,
एक शब्द बोलली नाही.
बटण बंद केलं,
खडू घेतला
आणि पाटावर बाण काढला.
उजवीकडून डावीकडे.
घरात उर्दू कुराण वाचणारे मामू दारातून डोकावले,
"आमच्यासारखं," एवढंच म्हणाले आणि गेले.

संध्याकाळपर्यंत भुशात बाण पुसतो.
सकाळी ती पुन्हा काढते.
म्हटलं, एकदाच ऑइलपेंटनं रंगवून टाकू.
तर म्हणाली, "रंगवलेलं कुणी वाचत नाही, मामा.
तुम्ही गाळ्याची पाटी शेवटची कधी वाचलीत?"
बाहेर जाऊन पाहिलं.
'बागूल'मधला ल कधीचाच गळून गेलाय.

आज तिचा पेपर आहे.
खैरनारबाईंच्या चार कडा राहिल्यात,
त्यांतली एक महिरपीची, वळणाची.
खडू सापडला नाही.
कानामागची पेन्सिल घेतली.
बाण जरा तिरका आला, दाराकडे झुकलेला.
अंगठ्यानं पुसला.
दुसरा काढला.
मग तोंडानं "उजवीकडून" असं म्हटलं, मोठ्यानं,
गाळ्यात कुणी नव्हतं तरी,
आणि बटण दाबलं.