लसणाचा वास

पेटी बेचाळीस. खोली दोनशे एकोणीस मीटर.
प्रेस्टियाच्या शेडमध्ये मी दगडावर पाणी मारते.
ओला दगड बोलतो, कोरडा नुसताच करडा.

हा समुद्रतळाचा काळा गाळ होता.
मग जमिनीनं जमिनीला रेटलं,
गाळ दुमडला, पापुद्र्यांत चेपला,
आणि खाली, फार खाली,
हिरव्या दगडांना पाझर फुटला.
म्हण म्हणून नाही सांगत.
खनिजांच्या हाडांत मुरलेलं पाणी
उष्णतेनं खरंच सुटलं,
गंधकाचा हात धरून थोडं सोनंही निघालं
आणि बंद भेगेशी येऊन अडलं.

दाब चढत गेला. भूकंप. भेग उघडली.
एका श्वासात दाब उतरला,
गंधकाचा हात सुटला,
सोनं जिथल्या तिथं खाली बसलं.
भेग गारगोटीनं बुजली. पुन्हा दाब. पुन्हा.
मी पट्ट्या मोजते, छत्तिसाला चुकते.
दोनशे कोटी वर्षं झाली याला,
आणि मला नोंद जेवणाच्या सुट्टीआधी हवी.

ओबेंगमामानं सतरा वर्षं खणलं.
पांढरी गारगोटी तेवढी खरी, म्हणायचा.
काळा दगड बाजूला फेकायचा,
हात काजळायचे त्यानं, पाटीत काही उरायचं नाही.
आजोबांच्या तराजूपेटीत गुंजा होत्या,
आम्ही त्यांना दाम्मा म्हणतो,
लाल अंग, काळा डोळा.
एका पारड्यात गुंज, दुसऱ्यात मामाचा कण,
आणि बहुतेकदा गुंजच खाली.

आज काळा तुकडा फोडला
तर लसणाचा वास आला. सोमलाचा.
सुईएवढे रुपेरी स्फटिक,
त्यांच्या पोटात सोनं, भिंगालाही न दिसणारं,
धुऊन न निघणारं.
आठवड्यानं आकडे आले.
गारगोटी: जवळजवळ शून्य.
शेजारचा काळा: टनाला अकरा ग्रॅम.
मी पुन्हा तपासायला लावला. अकराच.

शनिवारी गावी गेले.
मामा ओट्यावर, गुडघ्याला तेल चोळत.
ओटा त्यानं स्वतः भरलेला,
खाणीवरचा टाकाऊ दगड डोक्यावरून आणून.
"सिमेंट कुठलं परवडायला," दर वेळी सांगतो.
पायरीवर गंजाचे ओघळ.
मामी चुना लावते, पावसाळ्यात ते परत येतात.
हातोडी माझ्या पिशवीतच होती.

"उभी का? बस की."
बसले. दगड उन्हानं तापलेला.
नातू पायरीच्या कडेवर ताडाच्या बिया फोडत होता,
एक घाव चुकला, कपची उडाली.
त्यानं नाक वर केलं:
"आज लसूण आहे का जेवणात?"

"हा रोजच विचारतो," मामा म्हणाला.