रुवीला परत

रविवार. इथे आठवडा आजच उघडतो.
पट्टा एक भोक पुढे सरकलाय,
घरून काम केल्याचा तेवढा हिशेब.

दोन वर्षं ओट्याशेजारच्या टेबलावर
कंटेनर मोजले, जहाजं लावली धक्क्याला.
वर कडक शर्ट, खाली लुंगी:
मस्कतमधला निम्मा साहेब.
कुकर लागला की माइक बंद,
तीन शिट्ट्यांनी गॅसही मीच.

चौथ्या मजल्यावर लिफ्ट उघडली आणि थंडी,
एसीची, जुनी, ओळखीची.
कार्डावरचा फोटो माझ्याहून काळ्या केसांचा.
झुवैना, जी पडद्यावर खांद्यांपर्यंतच होती,
बघून म्हणाली, "अरे, तुम्ही बुटके आहात!"
मी हसलो. ती जरा लंगडत चालते,
हे कुठल्याच मीटिंगमध्ये आलं नव्हतं.

अकराला अन्वरने करक ठेवला,
साखर कमी, न विचारता.
खिडकीतली कोरफड जिवंत.
"गुरुवारी पाणी घालायचो," एवढंच बोलला
आणि ट्रे घेऊन पुढे गेला.

डबा उघडला. खलफानने खजूर सरकवले,
मेथीचा घास घेतला, तोंड वाकडं केलं,
पुन्हा घेतला.
घरी मी स्क्रीनकडे बघत जेवायचो.
आज भाजीत लसूण दिसला.

साडेपाच. डोंगर विटकरी.
गाडी सुरू करायच्या आधी नलूला फोन.
सकाळी म्हणाली होती, "जा एकदाचे,
मला माझं टेबल मिळू दे."
"मिळालं का टेबल?"
"मिळालं," ती म्हणाली.
"पण शिट्ट्या कुणी मोजल्याच नाहीत.
भात लागलाय. या."